जुनी अमेरिकन गाडी: मॉडेल कोणतं, साल कोणतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली शेवरलेट, वाड्यातल्या अल्बममधली डॉज, नाहीतर विकत घ्यायला निघालात ती मस्टँग. प्रश्न एकच येतो, "ही नक्की कुठली आणि कुठल्या सालची?" उत्तर बहुतेक वेळा गाडीवरच कुठेतरी ठोकलेलं असतं. खाली दिलेले प्रश्न मुख्यतः १९२० ते १९७२ या काळातल्या अमेरिकन गाड्यांबद्दल आहेत.

सुरुवात कुठून करायची?

चासी नंबरपासून. बॉनेटवरची नावाची अक्षरं, ग्रिल, हबकॅप, स्टिअरिंगमधलं चिन्ह हे सगळं नंतर. या वस्तू स्क्रूने आणि क्लिपांनी बसवलेल्या असतात आणि साठ-सत्तर वर्षांत त्या कितीदा बदलल्या असतील याला गणती नाही. १९५६च्या शेवरलेटवर १९५७चं चिन्ह लावलेलं असतं, शेवरलेटच्याच साध्या मालिबूवर 'एसएस'ची (सुपर स्पोर्ट या खास आवृत्तीची) अक्षरं असतात. कुणी फसवायला लावलेली असतात असंही नाही. अपघात झाला, मिस्त्रीला जे मिळालं ते त्याने बसवलं.

माझी पद्धत अशी: चासी नंबर काय म्हणतो, पत्र्याचा आकार काय म्हणतो आणि इंजिनच्या ओतीव भागांवरची तारीख काय म्हणते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. तिन्ही एकच साल सांगत असतील तर काम झालं. दोन एक सांगतात आणि तिसरी वेगळं, तर त्या तिसऱ्या गोष्टीचा इतिहास शोधायचा. आर.सी. बुक या तिघांत मी धरत नाही. का ते पुढे येईलच.

अमेरिकन गाडीचं साल म्हणजे ती बनली ते साल ना?

नाही, आणि निम्मे वाद इथेच होतात. अमेरिकेत 'मॉडेल इयर' चालतं. नवीन मॉडेल साधारण आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाजारात येई. म्हणजे नोव्हेंबर १९५६ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेली शेवरलेट ही १९५७चीच गाडी. तिच्या इंजिनच्या ब्लॉकवर ५६ सालची तारीख असेल आणि ती अगदी बरोबर असेल.

एक मोठं खिंडार लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धामुळे अमेरिकेत नागरी मोटारींचं उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये थांबलं आणि १९४५च्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं, तेही १९४६चं मॉडेल म्हणून. त्यामुळे कागदावर १९४३ किंवा १९४४ची प्लिमथ दिसली, तर कागद चुकला आहे असं डोळे मिटून म्हणा. ती एक तर ४२ची किंवा आधीची, नाहीतर ४६ची किंवा नंतरची.

चासी नंबरची प्लेट सापडतच नाही. कुठे शोधू?

चाळीस आणि पन्नासच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं दार उघडा आणि बिजागऱ्यांच्या खांबावर बघा. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत म्हणजे डावीकडे. साठच्या दशकातल्या फोर्ड मस्टँगमध्ये नंबर बॉनेटखाली, इंजिनशेजारच्या डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. १९६८च्या मॉडेलपासून मोठ्या कंपन्यांनी नंबर डॅशबोर्डच्या वरच्या कडेला, पुढच्या काचेतून बाहेरून वाचता येईल असा आणला. फोर्डने त्या एका वर्षी तो उजव्या बाजूला बसवला होता, ६९ पासून डावीकडे.

खांबावरची प्लेट रंगाच्या चार-पाच थरांखाली गेलेली असते. तिथे पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका. केरोसिनमध्ये बुडवलेलं फडकं, जुना टूथब्रश आणि सबुरी, एवढंच. अक्षरं उठावदार असतील तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, डोळ्याला न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. खोल ठोकलेला नंबर असेल तर खडूची भुकटी चोळून वरवर पुसा. आणि टॉर्च समोरून नको, बाजूने तिरपा धरा.

१९५७ची शेवरलेट बेल एअर. नंबर वाचायचा कसा?

समजा प्लेटवर आहे: व्ही-सी-५७-एफ-१२३४५६.

पहिलं 'व्ही' म्हणजे गाडी व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनसह बाहेर पडली. सहा सिलिंडरच्या गाडीत हे अक्षर नसतंच, नंबर थेट पुढच्या अक्षराने सुरू होतो. दुसरं अक्षर मालिका सांगतं: 'ए' असेल तर वन-फिफ्टी, 'बी' असेल तर टू-टेन, 'सी' असेल तर बेल एअर. मग साल, सरळ दोन आकड्यांत. 'एफ' म्हणजे मिशिगनमधला फ्लिंटचा कारखाना. 'ओ' असेल तर ओकलंड, 'टी' असेल तर टॅरीटाउन, 'एन' असेल तर नॉरवुड. शेवटचे सहा आकडे त्या कारखान्यातला क्रमांक.

म्हणजे अंगभर क्रोम आणि बेल एअरची अक्षरं असलेल्या गाडीच्या प्लेटवर 'बी ५७' निघालं, तर ती सहा सिलिंडरची टू-टेन होती आणि कुणीतरी तिला नटवलं. अशा गाड्या पुष्कळ आहेत. वाईट नाहीत, पण बेल एअरची किंमत मागणाऱ्याला नम्रपणे प्लेट दाखवा.

५५, ५६ आणि ५७ बाहेरून कशा ओळखायच्या?

सगळ्यांत सोपी खूण पेट्रोलच्या झाकणाची. ५५ला ते डाव्या मागच्या मडगार्डवर छोट्या दाराआड आहे. ५६ला डावा टेल लॅम्पच उघडतो आणि झाकण त्याच्यामागे असतं. ५७ला डाव्या पंखाच्या मागच्या उभ्या क्रोम पट्टीत ते लपवलेलं आहे, माहीत नसलेला माणूस पेट्रोल पंपावर गाडीभोवती फेऱ्या मारत राहतो.

समोरून बघाल तर ५५ची ग्रिल बारीक चौकटींची आणि आटोपशीर, ५६ची गाडीच्या पूर्ण रुंदीची. ५७ला मागे टोकदार पंख आले आणि चाकं १५ इंचांवरून १४ इंचांवर आली. ५५ पासूनच शेवरलेट १२ व्होल्टवर गेली. आधीच्या गाड्या ६ व्होल्टच्या, पण वायरिंग बदललेल्या इतक्या असतात की त्यावर विसंबू नका.

साठच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांचे नंबर लांब असतात. ते काय सांगतात?

१९६५ ते ७१ या काळात जनरल मोटर्सचा नंबर तेरा अक्षरांचा होता आणि तो एकदा कळला की कॅडिलॅक सोडून बाकी चारही ब्रँडना लागू पडतो. उदाहरणार्थ: १२४३७९-एन-५२३४५६.

पहिला १ म्हणजे शेवरलेट. २ पॉन्टिअॅक, ३ ओल्ड्समोबिल, ४ ब्युइक. शेवरलेटमध्ये पुढचे दोन आकडे मालिका सांगतात: २३ म्हणजे सहा सिलिंडरची कॅमारो, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो. मग ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (खिडक्यांमध्ये खांब नसलेली), ६७ असतं तर कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या टपाची). ९ म्हणजे १९६९. 'एन' म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना, 'एल' असेल तर लॉस एंजेलिस. बाकी क्रमांक.

१९६० ते ६४ मध्ये मात्र शेवरलेटने सालाचा आकडा पुढे ठेवला होता. ४१८४७ने सुरू होणारा नंबर ६४च्या व्ही-८ इंपाला हार्डटॉपचा, ४१४४७ असेल तर तीच गाडी सुपर स्पोर्ट. तेव्हा पहिला ४ बघून "ही ब्युइक" असं कुणी म्हणालं तर समजून घ्या की त्याच्या हातात पुढच्या काळाचा तक्ता आहे.

१९७२ पासून नंबरातच इंजिनचं अक्षर आलं. त्याआधी नंबरावरून फक्त सहा की आठ सिलिंडर एवढंच कळतं.

मग 'एसएस' किंवा 'जीटीओ' खरी आहे हे नंबरावरून कळतं का?

काही वर्षांत कळतं, काही वर्षांत नाही, आणि विकणाऱ्यांना ही वर्षं पाठ असतात.

शेवरलेटची शेव्हेल एसएस ३९६ ही १९६६ ते ६८ स्वतंत्र मालिका होती. नंबर १३८ने सुरू झाला तर ती खरी एसएस. ६९ पासून एसएस हा फक्त पॅकेजचा भाग झाला आणि नंबर साध्या मालिबूसारखा १३६ने सुरू होऊ लागला. ६९ किंवा ७०ची शेव्हेल एसएस म्हणून घेणार असाल तर कारखान्याची मूळ बिल्ड शीट, जुनी बिलं असा कागदी पुरावा हवा. तो नसेल तर मी तिला साधी गाडी समजूनच भाव करीन.

पॉन्टिअॅकचं उलट झालं. १९६४ आणि ६५ला जीटीओ हे ले मॅन्स या मॉडेलवरचं ऑप्शन होतं, ६६ पासून स्वतंत्र मालिका झाली. त्यामुळे ६६ ते ७१ मध्ये नंबर २४२ने सुरू झालाच पाहिजे. तिथे २३७ दिसलं तर गाडी ले मॅन्स आहे, मग बॉनेटवर कितीही श्वासनलिका उघडलेल्या असोत. ६४-६५साठी पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस कारखान्याच्या मूळ बिलिंगच्या प्रती पैसे घेऊन देते, त्या मागवाव्यात.

कॅमारोचं तर कोणत्याच वर्षी नंबरावरून एसएस की झेड-२८ (तिचीच खास वेगवान आवृत्ती) हे सिद्ध होत नाही, निदान ७१पर्यंत.

६७, ६८ आणि ६९ची कॅमारो पटकन कशी ओळखू?

६७ला पुढच्या दारांच्या काचेत छोटी तिकोनी काच आहे आणि बाजूला कुठलेही दिवे नाहीत. ६८ला ती तिकोनी काच गेली, मडगार्डांवर बाजूचे छोटे दिवे आले. ६९चा पत्राच वेगळा, चाकांच्या कमानींवरून मागे ओढलेल्या उठावदार रेषा लांबूनच दिसतात.

बाजूच्या दिव्यांची खूण सगळ्याच अमेरिकन गाड्यांना लागू आहे. १ जानेवारी १९६८ पासून बनणाऱ्या गाड्यांना बाजूला दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले, १९७० पासून दोन्ही. ६८चं मॉडेल त्यासकटच आलं. त्यामुळे बाजूला काहीच नसेल तर गाडी बहुतेक ६७ची किंवा आधीची.

'साडेचौसष्ट'ची मस्टँग म्हणजे काय भानगड?

मस्टँग १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली, म्हणजे धड ६४च्या हंगामातही नाही आणि ६५च्याही नाही. फोर्डने त्या सगळ्या गाड्यांना ६५चाच नंबर दिला. नंबराचा पहिला आकडा ५. तेव्हा कुणी म्हणालं, "माझ्या गाडीच्या नंबरावर ६४ आहे," तर ती मस्टँग नाही.

पहिल्या काही महिन्यांच्या गाड्या तरीही वेगळ्या काढता येतात. त्यांत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो होता आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यावर 'जेन' लिहिलेलं असे, नंतर 'आल्ट' झालं. इंजिनचं अक्षर हा दुसरा पुरावा. पाचव्या जागी 'यू' असेल तर १७० घनइंची सहा सिलिंडर, 'एफ' असेल तर २६०चं व्ही-८, 'डी' असेल तर २८९चं चार बॅरल कार्ब्युरेटरचं. ही तिन्ही १९६४च्या उन्हाळ्यानंतर गेली. त्यांच्या जागी 'टी', 'सी' आणि 'ए' आली. 'के' म्हणजे हाय परफॉर्मन्स २८९, ती दोन्हीकडे सापडते आणि तिच्याच खोट्या आवृत्त्या सर्वाधिक.

नंबर असा वाचा: ५ म्हणजे साल, मग कारखाना, 'एफ' डिअरबॉर्न, 'आर' सॅन होजे, 'टी' मेटचेन. मग ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक (मागे उतरत गेलेल्या टपाची). मग इंजिन, मग क्रमांक.

६५ आणि ६६चा फरक आत बसल्यावर कळतो. ६५च्या साध्या गाडीत वेगाचा काटा आडव्या पट्टीत सरकतो, फोर्डच्याच फाल्कनमधून उचललेला. ६६ला गोल मीटर आले. बाहेरून बघायचं तर ६५च्या ग्रिलमध्ये घोड्याच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी आडवा दांडा जोडलेला असतो, ६६ला साध्या मॉडेलमध्ये घोडा एकटा. ६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी ऑटो वर्क्स कारखान्याच्या नोंदींवरून अहवाल देते. ती गाडी कुठल्या दिवशी बनली, कुठल्या विक्रेत्याकडे गेली, सगळं.

डॉज, प्लिमथ आणि क्रायसलरचे नंबर?

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात यांचा नंबर सगळ्यांत बोलका. उदाहरणार्थ आर-एस-२३-आर-०-बी. 'आर' ही प्लिमथची मधल्या आकाराची मालिका, 'एस' ही तिची जीटीएक्स ही खास श्रेणी, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, पाचव्या जागचा 'आर' म्हणजे ४२६ घनइंची हेमी इंजिन, ० म्हणजे १९७०, शेवटी कारखाना. इंजिन नंबरातच असल्यामुळे हेमीची नक्कल करणाऱ्याला प्लेटच बदलावी लागते.

डॉजची चार्जर तर नंबर न बघताही ओळखता येते. ६८ला मागे गोल दिवे आणि बाजूलाही गोल छोटे दिवे. ६९ला मागचे दिवे लांबट आणि पुढच्या ग्रिलच्या मध्यभागी उभा विभाजक. ७०ला ग्रिलभोवती क्रोम बंपरचं अखंड कडं.

पन्नासच्या दशकातल्या मोपारवाल्यांना (म्हणजे क्रायसलर कंपनीच्या गाड्यांवाल्यांना) एक सोपी खूण: १९५६ ते ६४ च्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरच्या दांड्याऐवजी डॅशबोर्डवर बटणं असू शकतात. ६५ला ती गेली.

माझ्याकडे फक्त आजोबांचा काळा-पांढरा फोटो आहे. तेवढ्यावरून जमेल का?

बऱ्याचदा जमतं. लग्नाच्या फोटोत माणसं गाडीसमोर ओळीने उभी असतात त्यामुळे ग्रिल झाकलेली असते, पण हेडलाइट, काचेचा आकार आणि मडगार्ड दिसतात. तेवढं पुरतं.

हेडलाइट आधी बघा. चार हेडलाइट असतील तर गाडी १९५७च्या आधीची नाही. १९५७ला थोड्याच गाड्यांना होते, ५८ला जवळजवळ सगळ्यांना आले. पुढची काच कोपऱ्यात वळून दाराकडे गेलेली असेल तर कॅडिलॅक, ब्युइक, ओल्ड्समोबिल बहुतेक १९५४ किंवा नंतरची, शेवरलेट आणि पॉन्टिअॅक १९५५ किंवा नंतरची. मागे उंच पंख आणि प्रत्येकात बंदुकीच्या गोळीसारखे दोन लाल दिवे असतील तर ती १९५९ची कॅडिलॅक, दुसरी कुठली असूच शकत नाही.

ब्युइकच्या पुढच्या मडगार्डवरची गोल छिद्रं मोजा. ती १९४९ला आली. १९५४पर्यंत रोडमास्टरला एका बाजूला चार, बाकीच्यांना तीन. चौथं छिद्र हौसेने पाडून घेणारेही होते, हे विसरू नका. पॉन्टिअॅकच्या बॉनेटवर मधोमध लांब चंदेरी पट्ट्या १९३५ ते ५६ होत्या. स्टुडबेकरचं नाक विमानाच्या पंख्यासारखं पुढे आलेलं असेल तर १९५० किंवा ५१. फोर्डच्या ग्रिलमध्ये एकच गोळा आणि बॉनेटवर सुटी अक्षरं असतील तर १९४९, गोळा एकच पण अक्षरांच्या जागी ढाल असेल तर ५०, दोन गोळे म्हणजे ५१.

मुंबईच्या फोटोत नंबरप्लेटही मदत करते. 'बीएम'ने सुरू होणारा नंबर मुंबई राज्याच्या काळातला. त्यावरून गाडीचं साल कळत नाही, पण त्यानंतरची नाही एवढं कळतं, आणि तेवढीही कात्री पुष्कळदा पुरते.

इंपाला कुठल्या सालची, हे मागून कसं ओळखायचं?

आपल्याकडे "इंपाला" म्हणजे कुठलीही लांबलचक अमेरिकन गाडी. बेल एअर आणि बिस्केनही त्यात खपून गेल्या आहेत. इंपाला हे नाव १९५८ला आलं, तेव्हा ती बेल एअरचीच उंची आवृत्ती होती. ५८ला मागे प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे, खालच्या मॉडेलांना दोन. ५९ला आडवे पंख आणि मांजराच्या डोळ्यांसारखा एकेकच मोठा दिवा. ६० पासून पुन्हा तीन-तीन गोल. ६४ला त्या दिव्यांच्या पॅनेलभोवती उलट्या 'यू'सारखी क्रोमची पट्टी. ६५ला अंगच गोलाकार झालं, दिवे गोलच राहिले, ६६ला चौकोनी झाले. बिस्केन किंवा बेल एअरला साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका बाजूला दोनच दिवे असतात. तिसरा दिवा नंतर कापून बसवलेला असेल तर डिकीच्या आतून पत्र्याचं वेल्डिंग दिसतं.

माझी डॉज अमेरिकेतल्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. बनावट आहे का?

बहुधा नाही. उजव्या स्टिअरिंगची आहे का बघा. भारतात आलेल्या बऱ्याच "अमेरिकन" गाड्या डेट्रॉइटच्या नव्हत्याच. फोर्ड इंडिया ही फोर्डच्या कॅनडा शाखेची कंपनी होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती बंद केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायसलरच्या परवान्याखाली डॉज, डी सोटो आणि प्लिमथ जुळवल्या. कलकत्त्याकडे हिंदुस्तान मोटर्सने स्टुडबेकर जुळवली.

गंमत अशी की क्रायसलरने निर्यातीसाठी एकाच प्लिमथला तीन चेहरे दिले होते. डॉज किंग्जवे म्हणजे प्लिमथचं अंग आणि डॉजची ग्रिल. डी सोटो डिप्लोमॅटही तशीच. अमेरिकेतल्या तज्ज्ञाला किंग्जवेचे फोटो पाठवले की तो म्हणतो, "ही डॉज नाही, कुणीतरी प्लिमथला नाक बदललंय." त्याचं बरोबर आहे आणि तुमचंही. काच, दारांची रबरं, ब्रेक मागवायचे असतील तर त्याच वर्षाच्या प्लिमथचे मागवा, ग्रिल आणि चिन्हं मात्र निर्यात डॉजची शोधावी लागतील.

कुर्ल्याच्या किंवा शिवडीच्या गाडीची प्लेट इथे बसवलेली असू शकते. ती उखडून तिथे अमेरिकेतून आणलेली नवी कोरी नक्कल बसवणारे महाभाग आहेत. कृपा करून असं करू नका.

१९४६, ४७ आणि ४८ मध्ये फरकच दिसत नाही.

कारण प्लिमथ आणि डॉजमध्ये जवळजवळ नाहीच. युद्धानंतर जे तयार होतं तेच विकलं गेलं. प्लिमथ पी-१५ हे मॉडेल ४६ला आलं आणि ४९च्या सुरुवातीपर्यंत बदल न करता चाललं. इथे फक्त चासी क्रमांकाची श्रेणी साल सांगते. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढच्या टोकाशी, हेडच्या खाली सपाट जागेवर असतो आणि 'पी-१५' तिथे स्पष्ट वाचता येतं. पण त्याने मॉडेल कळतं, साल नाही. १९५१-५२ च्या पी-२२ आणि पी-२३चीही हीच गत.

शेवरलेटने निदान थोडी दया केली. ४८च्या ग्रिलला मध्ये उभी पट्टी आहे, ४६ला नाही. १९५२ची ग्रिल तर मधल्या आडव्या दांड्यावरच्या पाच दातांवरून लांबूनच कळते.

'मॅचिंग नंबर्स' म्हणजे काय, आणि ते तपासायचं कसं?

गाडी ज्या इंजिनसह कारखान्यातून निघाली तेच इंजिन अजून आहे, असा दावा. जनरल मोटर्सच्या १९६८ आणि नंतरच्या गाड्यांत इंजिनवर चासी नंबराचा तुकडा ठोकलेला असतो. वरच्या कॅमारोचंच इंजिन असेल तर त्यावर १९-एन-५२३४५६ हवं.

शेवरलेट व्ही-८ मध्ये पुढच्या बाजूला उजव्या हेडसमोर छोटी सपाट जागा आहे. तिथे दुसरी ओळ सापडेल, उदाहरणार्थ व्ही-०२२७-डीझेड. 'व्ही' म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, २७ फेब्रुवारी ही जुळणीची तारीख, 'डीझेड' म्हणजे ६९च्या झेड-२८चं ३०२ घनइंची इंजिन. याशिवाय ब्लॉकवर ओततानाची तारीख असते: महिन्याचं अक्षर, दिवस, सालाचा शेवटचा आकडा. सी-१४-८ म्हणजे १४ मार्च आणि आठने संपणारं साल. ते ५८, ६८ की ७८ हे बाकीच्या पुराव्यावरून ठरवायचं.

क्रम महत्त्वाचा. आधी ओतीव भाग, मग इंजिनची जुळणी, मग गाडी. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) फिशर बॉडी या जनरल मोटर्सच्या बॉडी बनवणाऱ्या विभागाच्या छोट्या प्लेटवर ०३-सी म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा, हा बॉडीचा काळ. इंजिनची तारीख त्यानंतरची असेल तर ते इंजिन त्या गाडीचं नाही, विकणारा काहीही शपथेवर सांगो. फार आधीची, वर्षभर जुनी असेल तरी शंका घ्या.

ती सपाट जागा घासून पुन्हा ठोकतात. खऱ्या जागेवर कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा दिसतात. गुळगुळीत चकाकणारी जागा आणि टोकदार ताजी अक्षरं असतील तर थांबा.

प्लेट खोटी असल्याचं कसं कळेल?

ती कशाने बसवली आहे ते बघा. ५५ ते ५७च्या शेवरलेटची प्लेट खांबाला स्पॉट वेल्ड केलेली असते. साठच्या दशकाच्या मध्यापासून जनरल मोटर्सने सहा पाकळ्यांच्या फुलासारखे रिव्हेट वापरले. तिथे बाजारातले साधे गोल पॉप रिव्हेट किंवा स्क्रू असतील तर प्लेट निघालेली आहे. गंज लागून खांब बदलला आणि जुनीच प्लेट परत लावली, असं प्रामाणिक कारणही असू शकतं, पण ते फोटोंनिशी सांगता आलं पाहिजे.

युद्धापूर्वीच्या फोर्डचं काय?

मॉडेल टी १९०८ ते २७, मॉडेल ए १९२८ ते ३१. यांची ओळख इंजिन नंबरावर चालते आणि इंजिन बदललं की ओळखही बदलते. टी-च्या रेडिएटरचं कवच १९१६पर्यंत पितळी, १७ पासून काळं. मॉडेल ए मध्ये २८-२९ला २१ इंची चाकं, ३०-३१ला १९ इंची. ए-चा नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला पाण्याच्या तोंडाच्या वर असतो. 'ए'ने सुरू झाला तर अमेरिकन, 'सीए'ने तर कॅनडाचा, आणि भारतातल्या गाडीत दुसराच जास्त संभवतो.

आर.सी. बुकावरचं साल का धरू नये?

कारण कित्येक कागदांवर निर्मितीच्या सालाच्या जागी इथे पहिल्यांदा नोंदणी झाली ते साल चढलं आहे. वकिलातीने वापरून विकलेली गाडी असेल तर चार-पाच वर्षांचा फरक सहज. अमेरिकेतही काही राज्यांत न खपलेली गाडी पुढच्या वर्षीची म्हणून नोंदवली जाई.

हा फरक आता पैशांचा आणि नियमांचाही झाला आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. महाराष्ट्रात तिला एमएच-व्हीए अशी मालिका मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नूतनीकरण ५,००० रुपये. अर्जाआधी चासी नंबर, इंजिन नंबर आणि आर.सी. यांच्यात विसंगती असेल तर ती आर.टी.ओ.कडून आधी दुरुस्त करून घ्या. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आहे का तेही बघा.

नंबर सतरा अक्षरी आहे. मग?

मग गाडी १९८१ किंवा नंतरची आणि काम दोन मिनिटांचं. दहावं अक्षर साल सांगतं: 'बी' १९८१, 'सी' १९८२, असं पुढे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नंबरात वापरतच नाहीत. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेचं मोफत डीकोडर त्यांच्या संकेतस्थळावर आहे. १९८१च्या आधीचा नंबर तिथे टाकून "काहीच येत नाही" म्हणून काळजी करू नका, ते यंत्र त्या गाड्यांसाठी बनलेलंच नाही.

कुणाला विचारायचं झालं तर कोणते फोटो पाठवू?

पुढचा कोपरा आणि मागचा कोपरा, दोन्ही कमरेच्या उंचीवरून. डॅशबोर्ड पूर्ण. पेट्रोलचं झाकण. पुढच्या चाकाचा हबकॅप. दार उघडून बिजागरीचा खांब, आणि त्यातल्या प्लेटचा जवळून फोटो, रिव्हेटसकट. बॉनेट उघडून फायरवॉल. इंजिनची ती सपाट जागा पुसून. सजवलेल्या, फुलांचे हार घातलेल्या गाडीचा एकच समोरून काढलेला फोटो आला की विचारणाऱ्याला परत पाठवावं लागतं. विकायची असेल तर चासी नंबराचे शेवटचे चार आकडे झाकून मगच फोटो कुठेही टाका.